ओठांकडे पाहणारा मुलगा

हॉलमध्ये सहा प्लास्टिकच्या खुर्च्या, एक सोफा, एक दिवाण, दोन पंखे, एक कूलर आणि अकरा माणसं होती. अकरांपैकी बोलणारी नऊ. न बोलणाऱ्यांत एक मी आणि दुसरा अनुज. तो आणि त्याच्या घरची मंडळी जळगावहून मला बघायला आली होती.

एप्रिल संपत आला होता, धुळ्यात त्रेचाळीस अंश होते. एरवी अशा वेळी मुलामुलीला गच्चीवर पाठवतात, पण गच्चीच्या फरशीवर पाय ठेवता येत नव्हता. म्हणून पप्पा म्हणाले, "तुम्ही इथेच बोला निवांत, आम्ही आत बसतो." सगळे उठून आत गेले. झमकूबाई मात्र उठल्या नाहीत. त्या पप्पांच्या आत्या. घरात सगळेच त्यांना भुआ म्हणतात. दिवाणावर मांडी घालून त्यांनी माळ हातात घेतली.

"मी काही ऐकत नाही," भुआ म्हणाल्या. "तुम्ही बोला."

अनुज कूलरशेजारी बसला होता, मी त्याच्या डावीकडे. मी विचारलं, "मिलमध्ये तुम्ही नक्की काय बघता?" तो "हं" म्हणाला. मी विचारलं, "वाचता का काही?" तो हसला. मग मी सरळच सांगितलं की लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. त्याने मान हलवली. हो म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. एवढ्या वेळात त्याने माझ्या डोळ्यांकडे एकदाही बघितलं नाही. तो माझ्या ओठांकडे बघत होता.

गाडी गेल्यावर भुआंनी निकाल दिला. "मोठा शेठ समजतो स्वतःला. दोन शब्द बोलायला पैसे पडतात त्याला. आणि नजर बघितली का, लखीचंद? पोरीच्या तोंडाला चिकटलेली! दोनदा माळ विसरले मी."

पप्पा म्हणाले, "मिल मोठी आहे, भुआजी."

मला मात्र तो आवडला होता. त्याचं कारण माझ्या फोनमध्ये होतं.

मी फिजिक्समध्ये एम.एस्सी. केलं आहे आणि धुळ्याजवळच्या अवधान एमआयडीसीतल्या एका लॅबमध्ये काम करते. कारखान्यांची मोजमापाची उपकरणं आमच्याकडे येतात. ती खरं दाखवतात की खोटं, हे आम्ही तपासतो. घरी आल्यावर मी फोनवर रीजन्सी कादंबऱ्या वाचते. म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडमधल्या प्रेमकथा: ड्यूक, नृत्याच्या सभा, हातमोजे, आणि मुलामुलीवर लक्ष ठेवणारी एक आत्या. मैत्रिणी हसतात. पण मला त्यातलं जग परकं वाटत नाही. तिथेही मुलगी पंचविशीला आली की घरात कुजबुज सुरू होते, तिथेही मुलाचं उत्पन्न आधी कळतं आणि आवाज नंतर, तिथेही एकांत म्हणजे हॉलमध्ये कोणीतरी माळ घेऊन बसलेलं असतं. फरक एवढाच की तिथली आत्या झोपते. भुआ झोपत नाहीत.

तोपर्यंत मी त्रेसष्ट कादंबऱ्या वाचल्या होत्या. त्यांपैकी एकोणपन्नास नायक सुरुवातीला गप्प किंवा उर्मट होते, आणि शेवटी त्यांतल्या शेहेचाळीस जणांच्या गप्प बसण्यामागे मोठं, खोल मन निघालं होतं. ओठांकडे बघण्याचा अर्थ तर प्रत्येक पुस्तकात एकच होता.

अनुजला मी आधी एकदा पाहिलं होतं, मामेबहीण रुचीच्या लग्नात, जळगावला. जेवणाच्या रांगेत तो माझ्यापुढे होता. मी मागून म्हणाले, "जरा सरकता का?" तो हलला नाही. पुन्हा म्हणाले, तरी नाही. रुचीला विचारलं तर ती म्हणाली, "अनुज ना? दाल मिलवाले, आमच्या सासरच्या नात्यातले. भाव खातो जरा." मी त्याचा तो भाव चार महिने डोक्यात घेऊन फिरत होते. म्हणून स्थळ आलं तेव्हा मी बघण्याआधीच निम्मी तयार होते.

अडचण पुढे सुरू झाली. अनुजचे मेसेज यायला लागले, आणि मेसेजमधला अनुज वेगळाच माणूस होता. "आज तुरीच्या ट्रकमधून कासव निघालं. गेटपास नव्हता म्हणून वॉचमनने अडवलं. कासव म्हणालं, शेठला बोलवा." दुसऱ्या दिवशी कासवाच्या पगाराबद्दल. तिसऱ्या दिवशी, मी उपकरणं तपासते म्हणजे नेमकं काय करते, याबद्दल अकरा प्रश्न, आणि सगळे बरोबर जागी टोचणारे. मी फोन केला की मात्र उचलायचा नाही. लगेच मेसेज: "मशीनजवळ आहे. लिही ना."

एकाच गोष्टीचे दोन उपकरणांवर दोन आकडे आले, तर आम्ही लॅबमध्ये पुढचं काम थांबवतो. एक तरी उपकरण चुकत असतं. कोणतं, ते कळेपर्यंत कुठलाच आकडा लिहायचा नाही. पण पप्पांना आकडा हवा होता.

"त्यांचं हो आहे," ते म्हणाले. "आपण रविवारी कळवायचं आहे. त्यापुढे ताणणं बरं दिसत नाही, पलक."

मी बसले की उठत होते, उठले की पाणी प्यायला जात होते आणि न पिताच परत येत होते. लॅबमध्ये एका गेजचं रीडिंग तीनदा घेतलं आणि तिन्ही वेळा लिहायला विसरले. कादंबरी उघडली तर नायक गप्प उभा होता. पहिल्यांदाच मला त्याचा राग आला. तोंड आहे ना तुला, मग बोल की.

लॅबच्या सरांनी मला गुरुवारसाठी जळगावच्या एका पाइप कारखान्यात काम दिलं. तिथल्या कॉम्प्रेसरच्या खोलीतला आवाज मोजायचा होता. लॅबचा ध्वनिमापक बॅगेत घालत असताना मला आठवलं की अनुजची मिल तिथून जवळच, नशिराबादच्या बाजूला आहे. मी घरी तसं बोलून गेले.

"त्या पोराच्या मिलमध्ये एकटी जाणार?" भुआ म्हणाल्या.

"मी कामाला जाते, भुआ."

"मग मी पण कामालाच येते. मला तूरडाळ बघायची आहे."

पारोळा, एरंडोल करत एसटी जळगावला पोचेपर्यंत भुआंनी खिडकीतून येणाऱ्या गरम हवेबद्दल कंडक्टरला जबाबदार धरलं होतं. कारखान्यातलं काम उरकून आम्ही रिक्षाने मिलवर गेलो. अनुजला मी मेसेज केला होता. तो गेटवर उभा होता, केसांवर डाळीची पिवळट धूळ.

मिलच्या आत भिंती थरथरत होत्या. वर चाळण्या, खाली भरडणारी यंत्रं, मध्ये पट्ट्यावरून चढणारी तूर. मी ध्वनिमापक काढला. सत्त्याण्णव डेसिबल. एवढ्या आवाजात शेजारच्या माणसाचं ओरडणंही पोचत नाही.

पण अनुजला सगळं पोचत होतं. पंधरा-वीस फुटांवरून मुकादम तोतारामचे ओठ हलले. मी तोवर सरकत त्यांच्याजवळ गेले होते, म्हणून मला ते जेमतेम ऐकू आलं: "भाऊ, बठ्ठा माल उतरी गया," म्हणजे सगळा माल उतरला. अनुजने लांबूनच मान डोलावली, तीन बोटं दाखवली, तोतारामने हात वर केला आणि गेला. एका बाईने काहीतरी थट्टा केली, अनुजने तिला परतफेड केली, आणि चार जणी हसल्या. हा मेसेजमधला अनुज होता. जिवंत, चपळ, कोणालाही उत्तर देणारा.

भुआंनी पोत्यात हात घालून डाळ हुंगली. "कुठली रे ही?"

तो त्यांच्यासमोर वाकला. "तूर अकोल्याची, पॉलिश आमचं. पण तुम्हाला बिनपॉलिशची देतो, भुआजी. तुम्ही फसणाऱ्यातल्या दिसत नाही."

भुआ हसल्या. मी त्यांना परक्या माणसासमोर हसताना क्वचितच पाहिलं आहे.

धुळीमुळे मी स्कार्फ नाकातोंडावरून बांधला होता. उन्हाळ्यात आमच्याकडे सगळ्याच मुली बांधतात. मी त्याच्या कानाशी जाऊन मोठ्याने म्हणाले, "ऑफिस दाखव ना." तो माझ्या स्कार्फकडे बघत राहिला. मी पुन्हा ओरडले. तो गोंधळून हसला, कूलरसमोर हसला होता तसाच. मी स्कार्फ खाली ओढला आणि तेच वाक्य, आवाज न काढता, नुसत्या ओठांनी म्हटलं.

"चला की," तो म्हणाला.

ओरडलेलं त्याला कळलं नव्हतं, न उच्चारलेलं कळलं होतं. एका निरीक्षणावरून काही सिद्ध होत नाही, असं मी स्वतःला सांगितलं आणि त्याच्यामागून चालायला लागले.

ऑफिसचं दार बंद झालं की मिल लांब गेल्यासारखी वाटते. एसीची घरघर तेवढी होती, पंचेचाळीसच्या आसपास. भुआ खुर्चीत बसल्या. अनुज आमच्याकडे पाठ करून जारमधून पाणी ओतायला लागला. ध्वनिमापक माझ्या हातातच होता. मी नेहमीच्या आवाजात म्हणाले, "अनुज."

तो पाणी ओतत राहिला.

"अनुज." जरा मोठ्याने. दुसरा ग्लास भरत आला होता. भुआंच्या माळेचे मणी थांबले. त्या माझ्याकडे बघत होत्या, मग त्याच्या पाठीकडे, मग पुन्हा माझ्याकडे.

"अनुज!" काटा एकाहत्तरवर गेला, आणि तो वळला. माझ्या हातातलं यंत्र त्याला दिसलं. त्याने दोन्ही ग्लास टेबलावर ठेवले, फार हळू, जणू तेच महत्त्वाचं काम होतं.

"किती वेळा हाक मारलीस?" त्याने विचारलं.

"तीनदा."

"मला एक आली."

भुआंना आधी काही कळेना. मग कळलं. "म्हणजे मी मेली त्या कूलरसमोर कान टवकारून बसले होते," त्या म्हणाल्या, "आणि तुला काही ऐकूच आलं नव्हतं?"

"भुआ, तुम्ही ऐकत नव्हता ना?" मी म्हणाले. माझा आवाज मलाच बारीक वाटला.

अनुज खुर्चीत बसला, माझ्यासमोर, माझं तोंड नीट दिसेल असा. "दहावी-अकरावीपासून असेल. मशीनच्या शेजारच्या खोलीत अभ्यास करायचो. नक्की केव्हापासून, मलाच माहीत नाही. आईला वाटतं मी लक्ष देत नाही. गिऱ्हाइकांना वाटतं मला माज आहे. माजाने धंदा बुडत नाही, म्हणून मी तेच राहू दिलं."

"दाखवलं नाहीस कोणाला?"

"जळगावात? कानाच्या डॉक्टरच्या पायरीवर मला कोणी बघितलं तर दुपारपर्यंत दाणा बाजारात, आणि संध्याकाळी सगळ्या नात्यात. मग स्थळं बंद."

"आणि मलाही नाही सांगितलंस?"

त्याने ग्लास फिरवला. "रुचीवहिनींनी सांगितलं होतं. पलक इंग्रजी गोष्टी वाचते, तिला गप्प, तोऱ्यातली मुलं आवडतात. म्हटलं, हे बरं झालं. गप्प तर मी असतोच. तोरा लोकांनी दिलेलाच आहे."

मला त्याचा राग आला, आणि रुचीचा, आणि त्या शेहेचाळीस जणांचा. मी एका माणसाला ऐकू न येणं हे त्याचं खोल मन समजून मोजलं होतं, आणि त्याने ते समजू दिलं होतं. मग मला ओठ आठवले आणि कान तापले.

"त्या दिवशी तू माझ्या ओठांकडे बघत होतास. ते म्हणजे..."

"त्याच्याशिवाय तू मला कळत नाहीस," तो म्हणाला.

हे वाक्य कुठल्याही कादंबरीत चालून गेलं असतं. इथे त्याचा अर्थ अगदी शब्दशः होता. मी उठले, बसले, पुन्हा उठले.

"हे सगळं माझ्यासमोर बोलायलाच हवं का?" भुआ म्हणाल्या, पण जागच्या हलल्या नाहीत.

"मी सांगितलेलं तुला कळलंच नव्हतं," मी म्हणाले. "नोकरी सोडणार नाही, असं मी म्हणाले होते. तू मान हलवलीस."

"सोडू नकोस. सोडायची कशाला?" तो म्हणाला. "पण मान मी सगळ्यालाच हलवतो. ते खरं आहे."

"रविवारी उत्तर द्यायचं आहे. त्याआधी तू घरी सांगायचंस. तुझ्या आणि माझ्याही. तू स्वतः, मी नाही, भुआ नाहीत. आणि तपासणी करायची. किती ऐकू येतं ते मोजायचं."

"आणि मोजल्यावर तू काय सांगशील?"

"माहीत नाही," मी म्हणाले. ते खरं होतं.

परतीच्या बसमध्ये भुआंच्या मांडीवर पाच किलो बिनपॉलिशची डाळ होती. एरंडोल येईपर्यंत त्या डाळ चाचपत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी लखीचंदला सांगणार."

"त्याला सांगू द्या."

"आणि नाही सांगितलं तर?"

"मग तुम्ही सांगा. आणि मी नाही म्हणेन."

शुक्रवारी काही झालं नाही. मेसेज नाही, कासव नाही. मी फोन उलटा ठेवत होते आणि पुन्हा सुलटा करत होते. कान कमी आहे याची भीती मला फारशी वाटत नव्हती. यंत्र कुठे कमी दाखवतं हे माहीत असलं की त्याच्याबरोबर काम करता येतं. मला दुसरीच काळजी होती. जो माणूस इतकी वर्षं मान हलवून निभावून नेतो, तो शनिवारीही मान हलवून निभावेल का?

शनिवारी पप्पा भर दुपारी दुकान सोडून घरी आले. आग्रा रोडवरचं आमचं भांड्यांचं दुकान ते दिवाळीतसुद्धा दुपारी सोडत नाहीत.

"अनुज आला होता दुकानात," ते म्हणाले. "एकटाच. समोर बसला आणि म्हणाला, काका, माझ्याकडे बघून बोला, मला ऐकायला कमी येतं. सकाळी आईवडिलांना सांगून आलोय, म्हणाला. त्याची आई अजून रडते आहे."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"मी काय म्हणणार? चहा मागवला. सगळा वेळ त्याच्याकडे तोंड करून बसलो, मान अवघडली माझी." त्यांनी मान चोळली. "पोरगा सरळ वाटला, पलक. पण लोक बोलतील. तू म्हणशील तर मी नाही कळवतो, कोणी तुला दोष देणार नाही."

भुआ आतून म्हणाल्या, "त्याला भाव खाणारा म्हणत होतो ना आपण? आता बोलला तर तेही नको."

"तुम्हीच म्हणत होतात, भुआजी."

"मग मीच परत घेते!"

मी पप्पांना म्हणाले, "रविवारचं बुधवारवर ढकला. आधी मोजू द्या."

"आकडा बघून लग्न ठरवणार तू?"

"नाही. पण न मोजता मी एकदा ठरवलं होतं. आता तसं करणार नाही."

त्या दुपारी मी त्याचे सगळे जुने मेसेज परत वाचले, पहिल्यापासून. मग मिल आठवली: तोताराम, तीन बोटं, हसणाऱ्या बाया, भुआंची डाळ. दोन्हीकडचा माणूस एकच होता. दोन उपकरणं जुळत होती. चुकत होतं ते तिसरं, कूलरसमोरचं. आणि तिथे गोंगाट होता.

मंगळवारी आम्ही जळगावात कानाच्या तपासणीच्या दवाखान्यात होतो. अनुज, मी, आणि अर्थातच भुआ. त्याने गाडी भर रस्त्यावर, बरोबर दारासमोर लावली. शेजारच्या दुकानातल्या माणसाने विचारलं, "काय शेठ, कोणाला आणलं?" अनुज म्हणाला, "मलाच."

तपासणी करणाऱ्या हेमांगी मॅडमनी त्याला काचेच्या बंद केबिनमध्ये बसवलं, हेडफोन लावले, हातात बटण दिलं. बारीक सूर वाजला की दाबायचं. मी बाहेर कागदावर खुणा पडताना बघत होते. सुरुवातीला बऱ्या, मग खाली, मग आणखी खाली.

"मिलचा आवाज हे मोठं कारण," हेमांगी मॅडम म्हणाल्या. "एकच कारण असेल असं मी म्हणणार नाही. कानाचं मशीन लागेल, आणि मशीनने चांगला फरक पडेल. आता आधी उजव्या कानात शब्द ऐकवते. ऐकू आलं की त्याने तेच परत म्हणायचं. ओठ दिसता कामा नयेत." त्यांनी तोंडासमोर पुठ्ठा धरला आणि माइकमध्ये शब्द म्हणायला लागल्या.

शब्द संपले. त्या लिहीत होत्या. मी विचारलं, "मॅडम, एक वाक्य मी म्हणू का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग भुआंकडे. भुआ भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडे बघत होत्या.

"मीटरवर काटा मध्ये राहील असं बोला," हेमांगी मॅडम म्हणाल्या. "लहानमोठा आवाज मी इथून करते."

मी स्कार्फ नाकापर्यंत बांधला. काचेपलीकडे अनुजने मला माइकसमोर बसताना पाहिलं आणि तो सरळ झाला. त्याची नजर माझ्या तोंडावर आली, तिथे कापड होतं, आणि मग पहिल्यांदाच ती वर, माझ्या डोळ्यांवर आली.

मी म्हणाले, "माझं हो आहे."

तो तसाच बसून राहिला. मॅडमनी बटण फिरवलं. मी तेच म्हणाले. त्याच्या कपाळावर आठी आली. आणखी फिरवलं.

"माझं..." तो म्हणाला आणि थांबला.

भुआ आता चित्राकडे बघत नव्हत्या. मॅडमनी बटण आणखी एक घर पुढे नेलं. मी चौथ्यांदा म्हणाले.

"माझं हो आहे," अनुज केबिनमधून म्हणाला.

हेमांगी मॅडमनी कागदावर, उजव्या कानाच्या रकान्यात लिहिलं: पंचावन्न डेसिबल.